हरवता हरवता

मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या त्या एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषाघरात, सगळे त्यांना गस म्हणत. खरं नाव आगुस्ती. पण तरुणपणी स्पेनहून क्वीन्सलँडला ऊसतोडीसाठी आले तेव्हा फडावरच्या लोकांच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून त्यांनी त्याचा गस करून टाकला. पुढे मेलबर्नच्या मोटार कारखान्यात, शेजारीपाजारी, दवाखान्यात तेच चिकटलं. प्रमिलाला पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला अशी आखूड हाक मारणं जड जायचं. तोंडाने ती इतरांसारखी गस म्हणायची, पण मनात ते तिचे आजोबा होते.

प्रमिला नागपूरच्या इंदोऱ्याची. अकाउंटिंगमध्ये मास्टर्स करायला म्हणून मेलबर्नला आली आणि युनीच्या दिवसांत वीकएंडच्या शिफ्टसाठी इथे लागली. डिग्री झाली, कायम राहण्याचा पीआर मिळाला, अनुपशी लग्न झालं, स्पृहा झाली, पण हे काम काही सुटलं नाही. "दिवसभर एक्सेलशी कोण बोलत बसणार?" असं ती म्हणायची. तिला माणसं लागायची, आणि त्यातही म्हातारी माणसं तिला विशेष जमायची.

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात कोविडमुळे मेलबर्न दुसऱ्यांदा बंद झालं आणि एज्ड केअरचं दार भेटायला येणाऱ्यांसाठी मिटलं. त्याआधी आजोबांची मुलगी नूरिया दर रविवारी ग्लेन वेव्हर्लीहून यायची. साठीला टेकलेली, पिकलेले केस आखूड कापलेली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. यायची, खुर्ची ओढून बसायची, पेपर चाळायची आणि तासाभराने बापाच्या खांद्यावर हात टेकवून निघायची. दोघांत बोलणं असं फारसं नसायचं. तरी तिचं येणं थांबलं आणि आजोबा झपाट्याने उतरले. विस्मरण आधीपासून होतंच, पण आता इंग्रजीही जाऊ लागली. आधी मोठे शब्द गेले, मग छोटे, आणि जुलैच्या अखेरीस 'टी' आणि 'नो' एवढंच उरलं. बाकी जे बोलत ते कातालानमध्ये, म्हणजे बार्सिलोनाच्या बाजूच्या त्यांच्या भाषेत. ती स्पॅनिशच्या शेजारची, पण स्पॅनिश नव्हे.

त्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं. प्रमिला त्यांच्या शर्टाचं बटण लावत असली, घास पुढे करत असली, की ते अचानक तिचं मनगट धरायचे. साधंसुधं धरणं नव्हे, चांगलं घट्ट. आणि तिच्याकडे नाही, तर दाराकडे बघत म्हणायचे, "ला वाच कुइदा पेर्द्रा."

पहिल्यांदा प्रमिलाला वाटलं काहीतरी हवंय. पाणी दिलं, उशी सरकवली, टॉयलेटला नेऊन आणलं. वाक्य काही थांबलं नाही.

साफसफाईला ग्रासिएला म्हणून एक बाई होती, चिलीची. आईवडिलांबरोबर लहानपणी इकडे आलेली. तिची मायबोली स्पॅनिश. एका दुपारी ती खोलीत फरशी पुसत असताना आजोबांनी ते वाक्य म्हटलं आणि तिने मॉप भिंतीला टेकवला.

"अगं, हे तर मला कळलं," ती प्रमिलाला म्हणाली. "आमच्यात 'वॉय आ कुइदार' म्हणजे मी सांभाळीन, काळजी घेईन. आणि 'पेर्देर' म्हणजे हरवणं. मी तिला सांभाळीन, हरवू देणार नाही, असं म्हणतोय बिचारा."

"तिला म्हणजे कुणाला?"

"बायकोला असेल. नाहीतर मुलीला. दुसरं कोण?"

प्रमिलाला ते इतकं गोड वाटलं की तिने खात्री करून घ्यायचं ठरवलं. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत फिलोमेनाबाई राहायच्या. पूर्व तिमोरमधल्या दिली शहरात त्यांनी पोर्तुगीजमधून शाळा शिकवली होती, आणि नव्वदीच्या घरातही शिक्षिकेचा ताठा जराही कमी झाला नव्हता. प्रमिलाने ते वाक्य जसं ऐकलं तसं त्यांना म्हणून दाखवलं.

"उच्चार वाईट आहे," फिलोमेनाबाई म्हणाल्या. "पण अर्थ सरळ आहे. 'वोउ कुइदार', मी काळजी घेईन. तिन्ही भाषांत क्रियापद एकच, कुइदार." मग चष्मा पुसत त्यांनी आणखी शिकवलं, कारण कुणी विचारलं की थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "फार जुन्या पोर्तुगीजमध्ये कुइदार म्हणजे नुसतं विचार करणं, मनात आणणं. लॅटिनमधून आलंय. एखाद्याचा विचार करत राहिलं की पुढे हात आपोआप त्याच्याकडे जातात. तसा तो अर्थ सरकत गेला."

"आमच्याकडे पण असंच आहे," प्रमिला म्हणाली. "काळजी करतातही आणि घेतातही."

"मग दोन्हींत फरक काय?"

"माझी आई नागपूरला बसून करते. मी इथे घेते."

फिलोमेनाबाई खूश झाल्या. चांगल्या उत्तराला वर्गात द्यायच्या तशी मान त्यांनी हलवली.

त्या संध्याकाळी आयपॅडवरून नूरियाशी बोलणं होतं. ग्लेन वेव्हर्ली तसं लांब नाही, पण घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याच्या लॉकडाउनच्या नियमाबाहेर होतं, आणि तिला परवानगी मिळाली असती तरी इथलं दार बंदच होतं. आजोबा स्क्रीनकडे बघत, पण तिथे आपलं कुणी आहे असं काही त्यांच्या चेहऱ्यावर उमटत नसे. प्रमिलाने मोठ्या उत्साहाने नूरियाला वाक्याचा अर्थ सांगितला. तिला वाटलं, बाई हेलावेल.

नूरिया हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

"सांभाळीन? हो, सांभाळलं खरं. चौदा वर्षांची होईपर्यंत रस्ता ओलांडताना मनगट धरायचे माझं. मैत्रिणींसमोर. स्कूल कॅम्पला कधी पाठवलं नाही, बीचवर गेलो की मला गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ द्यायचे नाहीत. अठराव्या वर्षी मी घर सोडलं ते श्वास घ्यायला म्हणून. डॅड नव्हते ते, पहारेकरी होते."

"त्यांची भाषा तुम्हाला येत नाही?"

"शिकवलीच नाही. इथे काय उपयोग, म्हणायचे. आईशी ते त्याच भाषेत बोलायचे, मी खोलीत आले की दोघंही इंग्रजीवर यायचे." तिने चष्मा सारखा केला. "थँक्स, प्रमिला. तू चांगल्या मनाने सांगितलंस. पण मला हे नवीन नाही."

प्रमिलाला आपण उगाच बोललो असं झालं.

ऑगस्टमध्ये एका नर्सचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि आजोबांची विंग बाकीच्या इमारतीपासून तोडली गेली. दारांवर प्लॅस्टिकचे पडदे लागले. प्रत्येक खोलीबाहेर गाउन, ग्लोव्हज, मास्क, फेसशिल्ड. अर्धा स्टाफ घरी आयसोलेशनमध्ये, आणि जे उरले त्यांना विचारलं गेलं, याच विंगमध्ये काम कराल का. प्रमिला हो म्हणाली.

अनुप डँडेनॉन्ग साउथच्या वेअरहाउसमध्ये सुपरवायझर होता. रागावणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "काही आठवडे सोडून दे ना. घरात लहान पोर आहे."

"मी सोडलं तर त्यांना अंघोळ कोण घालणार? एजन्सीतून रोज नवीन माणूस येतो. त्यांना आधीच कुणी ओळखू येत नाही."

थोड्या वेळाने तिने पाहिलं तर तो गॅरेजमधलं सामान एका बाजूला रचत होता. तिथे त्याने तिची गादी टाकली, हीटर लावला, आणि स्पृहाला सांगितलं की आई आता काही दिवस कॅम्पिंग करणार आहे. स्पृहा काचेच्या दारातून हात हलवायची आणि म्हणायची, "आई, इज इट फन?" प्रमिला आतून ओरडायची, "खूप!" नागपूरहून आईचा फोन यायचा. जय भीम झालं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काळजी घे गं बाई." गॅरेजचं मात्र प्रमिलाने तिला कळू दिलं नाही.

विंगमध्ये वाईट दिवस होते. फिलोमेनाबाईंना ताप आला आणि त्यांना ॲम्ब्युलन्समधून हॉस्पिटलला नेलं. जाताना त्या स्ट्रेचरवरून बजावून गेल्या की माझ्या खिडकीतल्या कुंडीला जास्त पाणी घालू नका. आणखीही काही जण गेले, आणि त्यातले सगळे परत आले नाहीत. आजोबांची टेस्ट दर वेळी निगेटिव्ह यायची, पण त्यांनी खाणं जवळजवळ सोडलं होतं. अंगावर निळा गाउन, तोंडावर मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, अशी कुणी आकृती आत आली की ते भिंतीकडे सरकायचे. प्रमिलाचा आवाजसुद्धा ढालीमागून वेगळाच यायचा.

एका सकाळी तिला वाटलं, आपण त्यांचाच शब्द त्यांना देऊन बघू. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली, ग्लोव्ह घातलेला हात पुढे केला आणि सावकाश म्हणाली, "कुइदार. गस, कुइदार." मी काळजी घेईन, एवढंच तिला म्हणायचं होतं. शेवटचा 'र' ते खातात हे आठवून तिने पुन्हा म्हटलं, "वाच कुइदा."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही ओढला गेला की प्रमिला घाबरलीच. ते रडू लागले. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, मार खाल्लेल्या पोरासारखे. तिचा हात त्यांनी झटकला, पुन्हा धरला, पुन्हा झटकला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कार पार्कमध्ये डबा उघडून बसली असताना प्रमिलाच्या मनातून ते जाईना. 'मी तुला सांभाळीन' ऐकून एखादा माणूस रडेल, ते समजण्यासारखं आहे. पण हा रडण्याचा प्रकार वेगळा होता. हे ऐकून त्यांना धीर आला नव्हता. त्या शब्दांनी त्यांना कशाची तरी आठवण करून दिली होती. ग्रासिएला आणि फिलोमेनाबाई दोघींनी आपापल्या भाषेतून अर्थ लावला होता. त्यांची भाषा कुणालाच येत नव्हती.

तिने मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने दुभाष्यांच्या फोन सर्व्हिसला विचारलं. तिकडून उत्तर आलं, कातालान आत्ता उपलब्ध नाही, स्पॅनिश चालेल का? प्रमिला म्हणाली, नाही चालणार. मग संध्याकाळी नूरियाच्या कॉलला तिने धीर करून विषय काढला.

"नूरिया, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं असेल असं मला वाटतंय."

"काय चुकीचं?"

"त्या वाक्याचं. ते म्हणताना त्यांना त्रास होतो. खूप. तुमच्या ओळखीचं कुणी कातालान बोलणारं आहे का?"

"नाही. आई गेली तेव्हापासून कुणी नाही." नूरियाने चष्मा काढून डोळे चोळले. थकलेली दिसत होती. "आणि कळून तरी काय होणार, प्रमिला? ते आता पंचाऐंशीचे आहेत. मी साठची."

"ते जेवत नाहीयेत," प्रमिला म्हणाली. "दुसरं काही मला सुचत नाही म्हणून विचारतेय."

नूरियाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "बघते."

तिने फेसबुकवर मेलबर्नमधल्या कातालान लोकांचा एक ग्रुप शोधला आणि तिथे लिहिलं. दुसऱ्याच दिवशी तिला उत्तर आलं. मरिओना नावाची बाई, मेलबर्नजवळच्या जिलाँगला मुलांना चेलो वाजवायला शिकवायची. लॉकडाउनमुळे क्लास सगळे स्क्रीनवर, त्यामुळे वेळच वेळ होता. तिने लिहिलं होतं, कधीही बोलवा.

असा तो कॉल झाला. दुपारची वेळ, खिडकीतून हिवाळ्याचं पातळ ऊन पलंगावर आलेलं. प्रमिलाने आयपॅड जेवणाच्या ट्रॉलीवर उभा केला. स्क्रीनच्या एका चौकटीत नूरिया, दुसऱ्या चौकटीत मरिओना, चाळिशीची, मोठ्या कपाळाची. मॅनेजर दाराशी येऊन बघून गेली.

मरिओनाने पहिलीच हाक मारली ती अशी, "सेन्योर आगुस्ती?"

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान वळवली. कितीतरी वर्षांत कुणी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली नव्हती. मरिओना बोलत राहिली, साधंच काहीतरी, कुठल्या गावचे, घरात कोण कोण होतं. आधी त्यांनी एक शब्द दिला, मग दोन. मग प्रमिलाने पाठीमागे उशी लावली आणि ते उठून बसले. त्यांना इतकं बोलताना प्रमिला पहिल्यांदाच बघत होती.

मग ते वाक्य आलं. आलंच. त्यांनी हात लांब करून प्रमिलाचं मनगट धरलं आणि दाराकडे बघून म्हणाले, "ला वाच कुइदा पेर्द्रा."

मरिओना स्क्रीनजवळ झुकली. तिने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

"काय म्हणतात?" नूरियाने विचारलं. "मी तिला सांभाळीन, हरवू देणार नाही. हेच ना?"

"नाही," मरिओना म्हणाली. "थांबा, मला नीट सांगू द्या. तो 'वाच' ऐकून स्पॅनिश किंवा पोर्तुगीज माणसाला वाटतं, मी करणार आहे. पण आमच्या भाषेत तो भूतकाळ आहे. होऊन गेलेल्या गोष्टीचा. आणि कुइदार म्हणजे काळजी घेणं, ते खरंच. पण त्याच्यापुढे दुसरं क्रियापद आलं की एक जुना अर्थ होतो. माझी आजी असं बोलायची, आता फारसं कुणी बोलत नाही. कुइदा काउरा म्हणजे पडणारच होतो, थोडक्यात वाचलो. त्यांनी म्हटलं, मी तिला हरवणारच होतो. मी तिला जवळजवळ गमावलं होतं."

प्रमिलाच्या मनात ते आपोआप मराठीत आलं. ती हरवता हरवता राहिली.

"कुणाला?" नूरियाने विचारलं. आवाज बदलला होता.

मरिओनाने आजोबांना विचारलं, कुणाला, कुठे. आणि ते सांगू लागले. सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांत. मरिओना प्रत्येक तुकडा ऐकायची, इंग्रजीत ठेवायची, आणि पुढचा विचारायची.

क्वीन्सलँडमधल्या इंगहॅमजवळचा उसाचा फड. साठेक वर्षांपूर्वी ऊस तोडायच्या आदल्या संध्याकाळी तो पेटवून देत, पाचट जळून जावं, साप-उंदीर पळावेत म्हणून. त्या दिवशी पेटवायची पाळी त्यांची होती. कामगारांच्या बराकी फडाला लागूनच. बायको स्वयंपाकात होती, आणि तिला वाटत होतं तीन वर्षांचं पोर आत झोपलंय. त्यांनी एक बाजू पेटवली. वारा बेताचा होता. दुसऱ्या बाजूला जायला निघाले आणि उसातून हसू ऐकू आलं. लहान मुलाचं. ती आत शिरली होती, आणि उसाच्या सरींमधून एकटीच पळापळीचा खेळ खेळत होती.

"ते म्हणतात, मशाल माझ्या हातात होती," मरिओना म्हणाली. "माझ्याच हातात."

ते आत धावले. धूर इतका की समोरचा हात दिसेना. हसू थांबलं होतं. हाताला आलं ते मनगट. त्यांनी ओढलं, आणि धरूनच ठेवलं. बाहेर आल्यावर पोरीला काहीही झालेलं नव्हतं, फक्त काजळीने काळी झाली होती आणि बापाने हात दुखवला म्हणून रडत होती. बायकोला त्यांनी सांगितलं, राखेत खेळत होती. पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात कोयता टाकला आणि मेलबर्नची गाडी धरली.

"आई म्हणायची, उन्हाळा सोसेना म्हणून आलो," नूरिया म्हणाली. तिने स्क्रीनसमोर स्वतःचं मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं, तिच्या लक्षातही नसावं.

थोड्या वेळाने तिने मरिओनाला विचारलं, "तू मला हरवलं नाहीस, मी इथे आहे, हे कसं म्हणायचं?"

मरिओनाने तिला सांगितलं. तिने दोनतीनदा पुटपुटून बघितलं आणि मग कॅमेऱ्याजवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "पारा, नो एम वास पेर्द्रा. सोक आकी."

आजोबांनी स्क्रीनकडे पाहिलं. पिकल्या केसांची एक बाई त्यांना 'पारा', म्हणजे बाबा, म्हणत होती. ते सभ्यपणे हसले, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसे, आणि पुन्हा दाराकडे बघू लागले. मनगटावरची पकड तशीच होती. प्रमिलाची बोटं बधिर होऊ लागली, पण तिने हात सोडवला नाही.

नूरियाचा चेहरा पडला. प्रमिलाला वाटलं, आता ही कॉल बंद करेल.

मरिओनाच हळूच म्हणाली, "नूरिया, त्यांची मुलगी तीन वर्षांची आहे. तू ती नाहीस. त्यांना निदान तिची बातमी देतेस का?"

साठाव्या वर्षी नूरियाला बाप सापडला होता, आणि सापडल्या क्षणी पुन्हा परकं व्हायचं होतं. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "सांग. कसं म्हणू?"

मरिओनाने एकेक शब्द दिला, तिने एकेक उचलला. "सेन्योर आगुस्ती. नो ला वास पेर्द्रा. एस आ काझा." तुम्ही तिला हरवलं नाही. ती घरी आहे.

आजोबांची मान झटकन वळली. "आ काझा?"

"सी," नूरिया म्हणाली. "आ काझा."

त्यांनी काहीतरी विचारलं. मरिओना हसली आणि रडलीही. "विचारतात, जेवली का ती?"

"सी," नूरिया म्हणाली. "सी, सी."

आजोबांनी एक लांब श्वास सोडला. मनगट सोडलं. मग ट्रॉलीवरच्या सूपच्या वाडग्याकडे त्यांची नजर गेली, आणि ते जरा कुरकुरत प्रमिलाला म्हणाले, "टी?" गार झालेलं सूप काढून प्रमिलाने चहा आणला, त्याबरोबर ब्रेडही. त्यांनी दोन्ही संपवलं.

ते वाक्य त्यांनी पुढे म्हटलंच नाही, असं नाही. कधी अस्वस्थ झाले की म्हणत. पण आता सगळ्या स्टाफला उत्तर पाठ झालं होतं. ग्रासिएला मॉप थांबवून सांगायची, प्रमिला फेसशिल्डमागून सांगायची, एजन्सीतून आलेला नवा माणूसही शिकून घेऊन सांगायचा, "एस आ काझा." फिलोमेनाबाई सप्टेंबरात हॉस्पिटलमधून परत आल्या, निम्म्या झालेल्या, पण शुद्धीत. प्रमिलाने त्यांना खरा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चुकले. भूतकाळ होता तर." मग म्हणाल्या, "मला त्यांच्याकडे घेऊन चल. सॉरी म्हटलं पाहिजे." आणि खरोखर व्हीलचेअरवरून जाऊन त्यांनी पोर्तुगीजमध्ये आजोबांची माफी मागितली. आजोबांना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी त्यांचा हात हातात घेऊन थोपटला.

विंग मोकळी झाल्यावर प्रमिला गॅरेजमधून घरात आली. स्पृहाने तिला दारातच मिठी मारली आणि विचारलं, "आई, डिड यू ब्रिंग मी एनीथिंग?" "कॅम्पिंगहून काय आणणार गं?" प्रमिला म्हणाली, आणि तिला उचलून घेतलं. अनुपने त्या दिवशी वरणभात केला होता. मीठ विसरला होता. सगळ्यांनी तसाच संपवला.

नोव्हेंबरात दारं उघडली. नूरिया पहिल्याच दिवशी आली. मधल्या काळात ती आठवड्यातून दोनदा मरिओनाकडून स्क्रीनवर कातालान शिकत होती. बोलायची मोडकं, अडखळत, क्रियापदं चुकवत, पण बोलायची. आजोबा तिला ओळखत नव्हते ते नव्हतेच. त्यांच्या लेखी ती घरून बातमी घेऊन येणारी कुणीतरी चांगली बाई होती. आणि नूरियाने ते काम पत्करलं.

दर रविवारी ती बागेत त्यांच्या खुर्चीजवळ बसायची आणि त्यांना त्यांच्या मुलीची हकिगत सांगायची. मुलगी शाळेत जाऊ लागली. मुलीला गणित आवडत नाही. मुलगी पोहायला शिकली, खोल पाण्यातही जाते. हे ऐकून ते दचकले तेव्हा तिने घाईने सांगितलं की शिकवणारा बरोबर असतो. हळूहळू तिने शाळा संपवली, शिक्षिका झाली, लग्न केलं, ते मोडलं, दोन मुलगे वाढवले. आपलं सगळं आयुष्य तिने असं बापाला सांगून टाकलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. त्यातलं कितीतरी तिने त्यांना आधी कधी सांगितलंच नव्हतं. ते लक्ष देऊन ऐकत. मधेच एखादा शब्द दुरुस्त करत.

मार्चमधल्या एका रविवारी प्रमिला शेजारी बसून त्यांची नखं कापत होती. उन्हं उतरती होती, बागेच्या कुंपणावर दोन मॅगपाय पक्षी भांडत होते. आजोबांनी नूरियाला काहीतरी विचारलं. नूरिया हसली.

"काय म्हणतात?" प्रमिलाने विचारलं.

"विचारतात, मुलगी हट्टी आहे का."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, फार."

आजोबांनी समाधानाने मान हलवली. काहीतरी बोलले, आणि कापायला दुसरा हात प्रमिलापुढे केला.

"म्हणतात, आईवर गेली," नूरिया म्हणाली, आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.